४१३००१ या संख्येची फोड

सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४१३००१. लग्नपत्रिकेवर, वीजबिलावर, बँकेच्या पासबुकावर, चादरीच्या दुकानातून मिळालेल्या पिशवीवर हा आकडा इतक्या वेळा नजरेखालून गेलेला असतो की ती एक संख्या आहे हे आपण विसरूनच जातो. वाचतानाही आपण ‘चार एक तीन शून्य शून्य एक’ असं वाचतो. ‘चार लाख तेरा हजार एक’ असं कुणी म्हणत नाही. या लेखात मात्र मी तिला चार लाख तेरा हजार एक असंच समजणार आहे. ती कशाकशाने बनली आहे, तिला कोणत्या संख्यांनी भाग जातो, शेजारच्या संख्यांपेक्षा ती कुठे वेगळी पडते, हे सगळं वही-पेन्सिल घेऊन काढता येतं. शाळेतलं गणित त्याला पुरतं.

ही संख्या कुणी तिचे गुण पाहून निवडलेली नाही. पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृत कवीही. पहिला अंक ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा पट्टा. पहिले तीन अंक, ४१३, टपाल कोणत्या वर्गवारी विभागात जाणार ते सांगतात, म्हणून लातूर (४१३५१२) आणि बारामती (४१३१०२) यांची सुरुवातही ४१३ नेच होते. शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. पत्रं लवकर वेगळी करता यावीत एवढ्याच सोयीतून ४१३००१ तयार झाली. अभ्यासाला मी हीच संख्या घेतली याचं कारणही तेच. गणितातल्या प्रसिद्ध संख्या आधीच निवडून काढलेल्या असतात, ही नाही. अशी कुठलीही संख्या उचलली तरी तिच्या आत एक पक्की रचना सापडते, आणि ती रचना कळली की बाकीचं जवळजवळ सगळं त्यातून निघतं. मला सांगायचं आहे ते एवढंच, फक्त ते उदाहरणासकट सांगायचं आहे.

सुरुवात विभाज्यतेच्या कसोटीपासून करू. अंकांची बेरीज ४ + १ + ३ + ० + ० + १ = ९. म्हणून ४१३००१ ला ९ ने भाग जातो. हा नियम शाळेत पाठ करून घेतात, पण तो खरा का आहे हे फार थोड्या वर्गांत सांगितलं जातं, आणि ते सांगायला दोन ओळी पुरतात. एक लाख म्हणजे ९९९९९ अधिक १. म्हणजे चार लाखांतून ९ च्या पटीतला भाग काढून टाकला की उरतात ४. दहा हजार म्हणजे ९९९९ अधिक १, तिथे उरतो १. तीन हजारांतून उरतात ३. शेवटचा १ आहेच. म्हणजे अंकांची बेरीज ही ९ ने भागल्यावर जे जे उरतं त्याचीच बेरीज असते. ती ९ आली, तिलाही ९ ने भाग गेला, काही उरलं नाही.

४१३००१ = ९ × ४५८८९

आता ४५८८९ फोडायची. अंकांची बेरीज ३४, म्हणून ३ ने आणखी भाग जाणार नाही. शेवटी ९ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. पुढे एकेका मूळ संख्येने भागून पाहणं हाच सरळ मार्ग. कुठपर्यंत पाहायचं? संख्येच्या वर्गमूळापर्यंत. कारण ४५८८९ दोन संख्यांचा गुणाकार असेल, तर त्या दोन्ही वर्गमूळापेक्षा मोठ्या असू शकत नाहीत. दोन्ही मोठ्या असत्या तर गुणाकार ४५८८९ च्या पुढे गेला असता. ४५८८९ चं वर्गमूळ २१४ च्या थोडं पुढे आहे. म्हणजे २१४ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की निकाल लागणार, भाजक मिळेल किंवा ही संख्या स्वतःच मूळ आहे हे सिद्ध होईल.

मग ७ ने भागून पाहा, बाकी ४. ११ ने बाकी ८. १३ ने १२. १७ ने ६. १९ ने पुन्हा ४. २३ ने परत ४. इथे थोडं थांबण्यासारखं आहे. ७, १९, २३ या तिघांनीही बाकी ४ च दिली, म्हणजे ४५८८९ मधून ४ वजा केले तर उरणाऱ्या ४५८८५ ला या तिन्हींनी भाग जायला हवा. जातोच: ४५८८५ = ३ × ५ × ७ × १९ × २३. चार घरं मागे असलेली संख्या अशी लहान लहान तुकड्यांत फुटते आणि आपली संख्या मात्र अजून दाद देत नाही. २९, ३१, ३७, ४१… १०१, १०३, १०७, सगळ्यांची बाकी उरते. आणि मग १०९ ला भागाकार पुरा होतो.

४५८८९ = १०९ × ४२१

५ पासून मोजलं तर १०९ ही सत्ताविसावी मूळ संख्या. म्हणजे इतके भागाकार हाताने करायला एक निवांत संध्याकाळ पुरते. ४२१ आणखी फुटते का ते पाहायला २० पर्यंतच्या मूळ संख्या बस होतात, फुटत नाही. फोड पूर्ण झाली:

४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१

ही फोड एकच आहे. तुम्ही कुठूनही सुरुवात करा, कोणत्याही क्रमाने भागा, शेवटी हेच चार मूळ अवयव मिळतील. प्रत्येक संख्येची मूळ अवयवांतली फोड एकमेव असते, हे विधान आपण इतकं गृहीत धरतो की त्याला सिद्धता लागते हेच लक्षात येत नाही. कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८०१ च्या ग्रंथात ते स्वच्छ मांडून सिद्ध केलं. पुढचं सगळं याच विधानावर उभं आहे.

जाता जाता एक गोष्ट मला फार आवडली. १०९ च्या दोन घरं मागे १०७ ही मूळ संख्या आहे, आणि ४२१ च्या दोन घरं मागे ४१९ हीसुद्धा. ३ च्या दोन घरं पुढे ५. म्हणजे सोलापूरच्या पिनकोडातला प्रत्येक मूळ अवयव कुठल्या ना कुठल्या जोडमूळ संख्यांच्या जोडीतला आहे. अशा जोड्या अनंत आहेत का, हे आजही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी दाखवलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. पुढे अनेकांनी मिळून ते अंतर २४६ वर आणलं. २ पर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही.

फोड हातात आली की पहिला फायदा भाजक मोजताना होतो. ४१३००१ चा कोणताही भाजक याच चार अवयवांतून काही उचलून बनतो. ३ घ्यायचे नाहीत, एकदा घ्यायचे किंवा दोनदा घ्यायचे, हे तीन पर्याय. १०९ घ्यायचा किंवा नाही, दोन पर्याय. ४२१ चेही दोन. ३ × २ × २ = १२. म्हणजे बरोबर बारा भाजक: १, ३, ९, १०९, ३२७, ४२१, ९८१, १२६३, ३७८९, ४५८८९, १३७६६७ आणि ४१३००१.

भाजकांचं महत्त्व सोलापूरला वेगळं सांगायला नको. पूर्व भागातल्या मागावर चादर उतरते तेव्हा नक्षी आडव्या बाजूला पुन्हा पुन्हा येते, आणि उभ्या धाग्यांच्या एकूण संख्येला नक्षीच्या एका घराच्या धाग्यांनी पूर्ण भाग गेला नाही तर कडेला नक्षी अर्धवट तुटते. भाजक जितके जास्त, तितक्या मापांच्या नक्ष्या बसतात. त्या दृष्टीने ४१३००१ जरा हट्टी आहे. तिला बाराच मापं चालतात, आणि १० ते १०० मधलं तर एकही नाही. तिची शेजारीण ४१३००० पाहा: २ × २ × २ × ५ × ५ × ५ × ७ × ५९. तीच रीत लावली तर ४ × ४ × २ × २ = ६४ भाजक. एका घराचं अंतर, आणि बाराच्या जागी चौसष्ट.

संख्यांचं हे वागणं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. बेरजेच्या हिशेबाने ४१३००० आणि ४१३००१ एकमेकींना खेटून आहेत. गुणाकाराच्या हिशेबाने त्यांच्यात एकही मूळ अवयव समान नाही, आणि कधी असूच शकत नाही: दोन लागोपाठच्या संख्यांना १ सोडून कोणत्याही एकाच संख्येने भाग गेला, तर त्यांच्या वजाबाकीलाही, म्हणजे १ लाही, त्याच संख्येने भाग जायला हवा. ४५८८५ च्या बाबतीत मघाशी तेच दिसलं. शेजारीण कशी फुटते हे माहीत असून आपल्या संख्येची फोड कळत नाही. संख्यासिद्धान्तातले (नंबर थिअरीतले) कितीतरी न सुटलेले प्रश्न, जोडमूळ संख्यांचा प्रश्नही, याच बेरीज-गुणाकाराच्या अनोळखीपणातून आलेले आहेत.

४१३००१ ते ४१३००७ या सात संख्यांत एकही मूळ संख्या नाही. सम संख्या आपोआप बाद. ४१३००५ ला ५ ने भाग जातो, ४१३००७ ला ३ ने आणि ७ ने, ४१३००३ ला १९ ने. यात नवल काही नाही. चार लाखांच्या आसपास साधारण तेरा संख्यांमागे एक मूळ संख्या येते, म्हणून सातांचा एखादा गट कोरडा जाणं अगदी साहजिक आहे.

आता खरा मजेदार भाग. ४१३००१ ही दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का?

आधी एक झटपट चाचणी. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भागलं तर बाकी ०, विषम संख्येच्या वर्गाला भागलं तर बाकी १. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेला ४ ने भागून बाकी ०, १ किंवा २ च येणार, ३ कधीच नाही. ४१३००३ आणि ४१३००७ इथेच बाद झाल्या. ४१३००१ ची बाकी १, म्हणजे शक्यता शिल्लक आहे. पण शक्यता म्हणजे खात्री नव्हे. २१ चीही बाकी १ च आहे, आणि २१ दोन वर्गांत बसत नाही, करून पाहा.

खात्री मूळ अवयवांतून मिळते. पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने २५ डिसेंबर १६४० च्या पत्रात मेर्सेन यांना कळवलं की ४ ने भागून बाकी १ देणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तीही एकाच प्रकारे. सिद्धता त्याने दिली नाही. ती शंभरेक वर्षांनी लिओनार्ड ऑयलर यांनी पूर्ण केली. बाकी ३ देणाऱ्या मूळ संख्या (३, ७, ११, १९, ५९…) या कामात अडथळा आणतात. त्या फोडीत सम वेळा आल्या तर चालतं, विषम वेळा आल्या तर बेरीज होतच नाही. ४१३००० मध्ये ७ एकदा आणि ५९ एकदा आहे, म्हणून ती मघाच्या चाचणीत पास होऊनही इथे नापास होते. आपल्या ४१३००१ मध्ये ३ दोनदा आहे. चाललं! आणि १०९, ४२१ दोघांचीही बाकी १.

१०९ = १०० + ९, म्हणजे १० चा वर्ग अधिक ३ चा वर्ग.
४२१ = २२५ + १९६, म्हणजे १५ चा वर्ग अधिक १४ चा वर्ग.

या दोन बेरजा जोडायच्या कशा? इथे मदतीला येतात ब्रह्मगुप्त. इ.स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात त्यांनी जी रीत दिली तिला आपल्याकडे ‘भावना’ म्हणतात. त्यांची रीत याहून व्यापक आहे, आपल्याला लागणारा तिचा तुकडा असा: एक संख्या अ आणि ब यांच्या वर्गांची बेरीज असेल, दुसरी क आणि ड यांच्या वर्गांची, तर त्यांचा गुणाकार (अक + बड) आणि (अड − बक) यांच्या वर्गांची बेरीज असतो. अधिक-उणे चिन्हं अदलाबदल केली तरी चालतं, म्हणून दुसरं उत्तरही मिळतं. कंस सोडवून पाहा, मधली पदं एकमेकांना खाऊन टाकतात.

अ = १०, ब = ३, क = १५, ड = १४ घेऊ.

१०×१५ + ३×१४ = १९२, आणि १०×१४ − ३×१५ = ९५.
१०×१५ − ३×१४ = १०८, आणि १०×१४ + ३×१५ = १८५.

म्हणजे ४५८८९ ही १९२ आणि ९५ यांच्या वर्गांची बेरीज आहे, तशीच १०८ आणि १८५ यांच्या वर्गांचीही. राहिले ९, म्हणजे ३ चा वर्ग. चारही संख्यांना ३ ने गुणलं की झालं:

५७६ चा वर्ग + २८५ चा वर्ग = ३३१७७६ + ८१२२५ = ४१३००१
३२४ चा वर्ग + ५५५ चा वर्ग = १०४९७६ + ३०८०२५ = ४१३००१

हे उत्तर मी पहिल्यांदा कागदावर उतरवलं तेव्हा दोन्ही बेरजा पुन्हा पुन्हा करून पाहिल्या, केवळ त्या जुळताना पाहण्याच्या आनंदासाठी. आणि याहून तिसरा मार्ग नाही. बाकी १ देणारे दोन वेगळे मूळ अवयव असले की दोनच प्रकार निघतात.

पायथागोरसच्या प्रमेयाने याचं चित्र काढता येतं. सोलापूरच्या नकाशावर आलेखाचा कागद अंथरा, एक घर म्हणजे एक मीटर, आणि सात रस्ता चौक हा शून्यबिंदू. तिथून पूर्वेला ५७६ मीटर आणि उत्तरेला २८५ मीटर गेल्यावर जो बिंदू येतो, त्याचं चौकापासून सरळ अंतर म्हणजे ४१३००१ चं वर्गमूळ, ६४२ मीटर ६५ सेंटिमीटर. पूर्वेला ३२४ आणि उत्तरेला ५५५ गेलात तरी अंतर तेवढंच, अगदी केसभरही फरक नाही. दिशा बदला, आकड्यांची अदलाबदल करा: एका जोडीतून आठ बिंदू निघतात, दोन जोड्यांतून सोळा. या त्रिज्येचं वर्तुळ आलेखाच्या बरोबर सोळा कोपऱ्यांतून जातं. त्रिज्या एक मिलिमीटरसुद्धा न भरणाऱ्या फरकाने कमी करून ४१३००० च्या वर्गमूळाएवढी केली, तर नवं वर्तुळ एकाही कोपऱ्याला शिवत नाही.

दोन प्रकारांची ही गोष्ट उलटी फिरवता येते, आणि ती रीत ऑयलर यांनी वापरली. समजा आपल्याला फोड माहीत नाही, पण ४५८८९ च्या दोन्ही बेरजा कुठून तरी मिळाल्या. १९२ − १०८ = ८४, १८५ − ९५ = ९०; त्यांचा मसावि ६, निम्मे ३. १९२ + १०८ = ३००, १८५ + ९५ = २८०; त्यांचा मसावि २०, निम्मे १०. आता ३ आणि १० यांच्या वर्गांची बेरीज करा. १०९! सत्तावीस भागाकार न करता मूळ अवयव हाताला लागला. एखादी विषम संख्या दोन वेगळ्या प्रकारे वर्गांची बेरीज असेल, तर ती मूळ नसते, आणि त्या दोन बेरजांतच तिचे अवयव लिहिलेले असतात.

महाराष्ट्रात संख्यांच्या गुणांविषयी लिहायचं आणि दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमणार नाही. १९०५ मध्ये डहाणूत जन्मलेले कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते आणि आयुष्यभर संख्यांच्या मागे लागले. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर ओळखला जातो: चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, हेच करत राहा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ नाव दिलं. ४१३००१ च्या अंकांची बेरीज ९ आणि ९ ने भाग जातो, म्हणजे सोलापूरचा पिनकोड हर्षद आहे. मघाच्या ४१३००१ ते ४१३००७ या सातांपैकी दुसरा हर्षद ४१३००४, बेरीज १२ आणि भागाकार ३४४१७. आणखी एक कल्पना ‘स्वयंभू’ संख्यांची: दुसऱ्या कुठल्याही संख्येत तिचेच अंक मिळवून जी बनत नाही ती स्वयंभू. या कसोटीवर ४१३००१ उतरत नाही, कारण ४१२९७४ मध्ये तिच्या अंकांची बेरीज २७ मिळवली की ४१३००१ येते. हे गुण अंकांच्या लिखाणावर अवलंबून आहेत, दहाच्या ऐवजी दुसऱ्या पायावर संख्या लिहिली तर ते बदलतात. फोड आणि वर्गांची बेरीज मात्र कशाही पद्धतीने लिहिलंत तरी तीच राहते. म्हणून गणिती पहिल्या प्रकाराला कमी लेखतात. मला ते पटत नाही. कापरेकरांच्या वाटेने कितीतरी मुलं आवडीने गणिताकडे वळतात.

कापरेकरांचं काम जगासमोर नेणारे लेखक मार्टिन गार्डनर. १९७५ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांनी कापरेकरांविषयी लिहिलं. त्याच सदरात ऑगस्ट १९७७ मध्ये त्यांनी निरोप गुप्त ठेवणारं एक नवं कुलूप वाचकांसमोर ठेवलं, रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांचं. तिघांच्या आद्याक्षरांवरून त्याला आरएसए म्हणतात, आणि ते समजून घ्यायला आपलं ४५८८९ अगदी योग्य आहे.

१०९ आणि ४२१ या दोन मूळ संख्या मी गुपित ठेवल्या आणि त्यांचा गुणाकार ४५८८९ जाहीर केला. सोबत ११ हा आकडाही जाहीर केला. तुम्हाला मला एक संख्या गुप्तपणे कळवायची आहे, समजा १३, सोलापूरच्या गाड्यांवरचा आकडा. तुम्ही १३ ला स्वतःशीच गुणत अकरावा घात काढा, त्याला ४५८८९ ने भागा आणि बाकी मला पाठवा. बाकी येते ७५६५. वाटेत कुणीही हा आकडा पाहिला तरी त्यावरून १३ कसे काढायचे हे त्याला कळणार नाही. मी मात्र ७५६५ चा १२३७१ वा घात काढतो, ४५८८९ ने भागतो, आणि बाकी येते १३.

हे १२३७१ कुठून आले? १०८ × ४२० = ४५३६० यातून. दोन्ही मूळ संख्यांमधून एकेक कमी करून केलेला हा गुणाकार म्हणजे ४५८८९ पर्यंतच्या, तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्यांची मोजणी. ११ × १२३७१ = १३६०८१, आणि त्याला ४५३६० ने भागलं की बाकी १. एवढी अट पुरी झाली की एका किल्लीने (११) लावलेलं दुसरीने (१२३७१) उघडतं. (अकराच का? ४५३६० ला २, ३, ५, ७ या सगळ्यांनी भाग जातो, आणि तिच्याशी सहमूळ अशी १ नंतरची पहिली संख्या ११ च आहे.) ४५३६० ठाऊक असायला १०९ आणि ४२१ ठाऊक हव्यात. कुलपाची सगळी ताकद फोड करण्याच्या कष्टात आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

अर्थात आपलं कुलूप सत्तावीस भागाकारांत फुटतं. पण संख्येत दोन अंक वाढले की वर्गमूळ दहापट होतं, आणि एकेक मूळ संख्या तपासण्याचं कामही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतं. गार्डनर यांच्या सदरात दिलेली संख्या १२९ अंकी होती. तिची ६४ आणि ६५ अंकी दोन मूळ अवयवांत फोड व्हायला १९९४ साल उजाडलं, आणि तेव्हा सुमारे १६०० संगणक कामाला लावावे लागले, तेही भागाकारांपेक्षा कितीतरी हुशार रीत वापरून. २५० अंकी संख्या २०२० मध्ये फुटली. अनेक संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांत आज वापरतात ती संख्या ६१७ अंकी असते. तिचे दोन अवयव एकमेकांशी गुणायला साध्या फोनला क्षणही लागत नाही; गुणाकार पाहून अवयव सांगणं मात्र जगातल्या सगळ्या संगणकांना मिळूनही आज शक्य नाही. पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं आहे की पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे काम झपाट्याने करू शकेल, म्हणून ज्यात फोडीचा संबंधच नाही अशा नव्या कुलपांची मानकं अमेरिकेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

जिल्ह्यातल्या वाचकांसाठी आणखी दोन संख्या. पंढरपूर ४१३३०४ = २ × २ × २ × ३ × १७ × १०१३. भाजक भरपूर, बत्तीस. पण ३ एकदाच आला आहे, म्हणून दोन वर्गांची बेरीज होणार नाही. बार्शी ४१३४०१ = ३७ × १११७३. हे दोन्ही अवयव मूळ आहेत आणि दोघांचीही ४ ने भागून बाकी १. ३७ म्हणजे ६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज, १११७३ म्हणजे ९७ आणि ४२ यांच्या वर्गांची. ब्रह्मगुप्तांची भावना लावून बार्शीच्या दोन्ही जोड्या बार्शीकरांनीच काढाव्यात.